विजेच्या खांबावरील विद्युतरोधक

गावापर्यंत वीज आणणाऱ्या वाहिनीचा दाब बहुधा ११,००० व्होल्ट असतो. तिच्या तारा सामान्यतः उघड्या असतात आणि खांबाचे बूड जमिनीत असते. वीज खांबावाटे जमिनीत उतरू नये म्हणून तार व खांब यांच्यामध्ये चिनी मातीचा विद्युतरोधक बसवितात.

रोधकाच्या छत्रीसारख्या कडा शोभेसाठी नसतात. पाऊस त्यांवरून निथळतो व आतील बाजू बऱ्याच अंशी कोरडी राहते. शिवाय पृष्ठभागावरून वाहू पाहणाऱ्या विजेचा मार्ग लांबतो. गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्यामुळे रोधकावर मिठाचा थर साचतो. कोरडा असताना तो निरुपद्रवी असतो. मात्र दवाने किंवा पावसाच्या पहिल्या हलक्या सरीने भिजताच त्यातून वीज वाहू लागते, ठिणगी उडते आणि पुरवठा खंडित होऊ शकतो. पुढील मुसळधार पावसाने हा थर धुऊन निघतो.

खांबास आधार देणाऱ्या ताणाच्या तारेतही अंडाकृती रोधक असतो. वरच्या भागास विजेची तार लागली, तरी हाताशी येणाऱ्या खालच्या भागात वीज उतरू नये, ही त्यामागील योजना होय.

रोधकास तडा गेल्यास त्यात ओल शिरते आणि खांबाचा स्पर्शही प्राणघातक ठरू शकतो. म्हणून रोधकावर दगड मारू नयेत. ताणास गुरे बांधू नयेत. फुटका रोधक दिसल्यास खांबापासून दूर राहून वीज खात्याच्या कार्यालयास तत्काळ कळवावे. शिक्षकांनी ही माहिती पावसाळ्यापूर्वी विद्यार्थ्यांस अवश्य द्यावी.