चर खोदताना देखरेख कशी असावी

धान्याच्या व्यापाऱ्याने खोदकामावर लेख लिहावा, याचे कित्येक सभासद बंधूंस नवल वाटेल. परंतु आपणांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी गोदामाचा पाया, पाण्याची टाकी अथवा सांडपाण्याचा चर खोदविलेला असतो. काम कंत्राटदाराकडे सोपविले की आपण निश्चिंत होतो. त्या चरात उतरणारी माणसे मात्र आपल्याच कामासाठी उतरलेली असतात. यास्तव या विषयाची माहिती मालकासही असणे अवश्य आहे.

इब्रामपूर व एकंदर पेडणे-डिचोली भागात जमिनीचा वरचा थर बहुधा जांभ्या दगडाचा असतो. चिरेखाणींचे उभे कडे वर्षानुवर्षे आधारावाचून उभे असलेले आपण पाहतो, आणि आपली जमीन टणक आहे अशी समजूत दृढ होते. ही समजूत घातक होय. जांभ्याखाली पुष्कळ ठिकाणी शेडी लागते. कोरडी असता ती घट्ट भासते, पण पाणी मुरले की निसटू लागते. कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्याचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या त्या बोगद्यात पाण्याने भिजलेली मऊ माती लागली व खणलेला भाग पुनःपुन्हा ढासळू लागला. संपूर्ण मार्गावर मऊ मातीचे असे ९ बोगदे होते आणि त्यांच्या कामात १९ माणसे दगावली. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग खुला झाला, तरी ऑगस्ट २०२० मध्ये याच पेडणे बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये आत चिखलपाणी येऊन गाड्या थांबल्या. जेथे निष्णात अभियंत्यांस माती दाद देत नाही, तेथे आपल्या मुकादमाने केवळ नजरेच्या अंदाजावर विसंबावे काय?

दरड का कोसळते, हे धान्याच्या राशीवरून चटकन समजेल. ओतलेले धान्य आपल्या अंगच्या उतारावर स्थिरावते. त्याहून उभे ते राहत नाही. माती चिकटपणामुळे काही काळ उभी राहते इतकेच. पाऊस, काठावर टाकलेला भराव, जवळून जाणारा ट्रक, यांपैकी एकही कारण तो चिकटपणा मोडण्यास पुरते. थप्पीच्या तळचे पोते ओढू नये, हे हमालास सांगावे लागत नाही. पण दरडीचा पायथा पोखरून वरची माती आपोआप पाडण्याची युक्ती आजही सर्रास केली जाते. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन, म्हणजे ५० किलोची ३० ते ४० पोती! छातीपर्यंत गाडला गेलेला मनुष्य श्वास सोडतो तसतशी माती त्याच्या छातीभोवती अधिक आवळते आणि पुढचा श्वास त्यास घेता येत नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटांतील सुरक्षा-नियम खासगी कामासही मार्गदर्शक होतील. चर १.५ मीटर वा अधिक खोल असल्यास बाजूंस पायऱ्या पाडून उतार द्यावा, अथवा फळ्या व आडवे टेकू लावून त्या भक्कम धराव्यात. काढलेली माती काठापासून १.५ मीटर अथवा खोलीच्या निम्म्याइतकी, यांपैकी जे अंतर अधिक असेल तितकी दूर टाकावी. १.२ मीटरपासून पुढे प्रत्येक ३० मीटर लांबीस किमान एक शिडी हवी व ती जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर आलेली असावी. अमेरिकेत शिडी २५ फुटांच्या आत मागतात. मला तोच नियम अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण माती सुटू लागल्यावर धावण्यास अवधी क्षणांचा मिळतो.

नियम कागदावर राहतात ते देखरेखीवाचून. देखरेख करणाऱ्याकडे हजेरी, सिमेंटचा हिशेब व चहापाण्याची व्यवस्था सोपवू नये. रोज काम सुरू होण्यापूर्वी आणि प्रत्येक सरीनंतर त्याने चर पाहावा: काठाला समांतर भेग, तळाशी झिरपणारे पाणी, फुगलेली बाजू, पूर्वी उकरून बुजविलेली सैल जागा. शंका येताच माणसे वर बोलाविण्याचा अधिकार त्यास असावा, आणि त्याबद्दल मालकाने कपाळास आठी घालू नये. मृगापूर्वी पाया उरकण्याची घाई बहुधा आपलीच असते. फळ्या-टेकूंचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहून घ्यावा; एकरकमी दरात तो सर्वांत आधी गळतो. टेकू वरून खाली लावीत जावे व काढताना खालून वर, भराव घालीत काढावे.

दुर्दैवाने दरड कोसळलीच, तर इतरांस उड्या टाकू देऊ नये; दुसरी दरड बहुधा पाठोपाठ येते. यंत्रे बंद करावी, माणसे काठापासून दूर न्यावी, अग्निशामक दलास १०१ व रुग्णवाहिकेस १०८ क्रमांकावर कळवावे. गाडलेला मनुष्य शेवटी कोठे दिसला, त्या जागेवर खूण करून ठेवावी. दलाच्या माणसांनी बाजू आधाराने धरल्यावर हातांनी प्रथम त्याचे तोंड व छाती मोकळी करावयाची असते. यंत्राचे फावडे तेथे लावू देऊ नये.