पैसे घ्यायला पिन कशाला?

प्रश्न : जुना फ्रिज विकायला ऑनलाइन जाहिरात दिली. गिऱ्हाइकाने ‘स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणून क्यूआर कोड पाठवला. पिन टाकताच माझेच पैसे गेले. मोबाइल हॅक झाला का?
– एक वाचक, कर्नाळा (पनवेल)

उत्तर : बहुधा नाही. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.

खरं हॅकिंग पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८मध्ये झालं. चोरट्यांनी यंत्रणेत मालवेअर घुसवून सुमारे ९४ कोटी लांबवले. ग्राहकांची खाती सुरक्षित असल्याचं बँकेने सांगितलं.

तुम्ही आधी १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढे वळते होण्याआधी ते गोठवता येतात. मग बँकेला लेखी कळवा, पिन बदला, चॅट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

‘फी भरा, पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना मात्र एक रुपयाही देऊ नका.