काचेतील तळे

पाठप्रवेश

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या शहरांतील अनेक घरांच्या बैठकीत माशांची काचेची टाकी दिसते. तिच्यात खऱ्या जलवनस्पती लावल्या, की ती एक लहानसे तळे बनते. हे तळे कधीकधी बिघडते. पाणी हिरवे होते, पाने कुजतात, मासे मरू लागतात. अशी टाकी पुन्हा कशी उभारावी आणि स्वच्छ पाणी व निरोगी पाणी यांत कोणता फरक असतो, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

पाठ

इ. स. १८४९ मध्ये लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सुमारे पंचावन्न लिटरच्या पात्रात दोन लहान मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पानांची जलवनस्पती ठेवली. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीला मिळावा आणि वनस्पतीचा ऑक्सिजन माशांना मिळावा, अशी ही योजना होती. परंतु जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले आणि पाणी पुन्हा निवळले.

या व्यवस्थेत डोळ्यांना न दिसणारा आणखी एक घटक होता. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. काही सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइटमध्ये, तर काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असून वनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. हे सूक्ष्मजीव रेतीवर, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. टाकीचे आरोग्य या वस्तीवर अवलंबून असते.

म्हणूनच टाकी पुन्हा उभारताना सर्व काही नळाखाली घासून धुणे घातक ठरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सूक्ष्मजीवांना मारते. गाळणीचा स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळून घ्यावा. त्याचे दोन तुकडे करून एक मासे ठेवलेल्या टबात व दुसरा नव्या मांडणीत वापरावा. नळाचे नवे पाणी क्लोरीननाशक घालूनच भरावे.

तळाशी पोषक मातीचा पातळ थर व त्यावर धुतलेली जाड रेती घालावी. मागील बाजूस थर अधिक उंच ठेवावा. अर्धी टाकी भरल्यावर रोपे लावावीत. व्हॅलिस्नेरियाची मुळे रेतीत जावीत, परंतु पाने जेथून फुटतात तो भाग वर राहावा. जावा फर्नचे खोड मात्र पुरू नये. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे. आरंभीच दाट लागवड केली, तर शेवाळाला पोषक द्रव्ये कमी मिळतात. दिवा रोज सहा ते आठ तास पुरतो.

पहिल्या काही आठवड्यांत जुनी पाने गळतात. रोप मेले असे समजून ते उपटू नये. बहुधा मधल्या भागातून नवे पान येते. सूक्ष्मजीवांची वस्ती नव्याने वसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. जुना स्पंज असेल तर हा काळ कमी होतो. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच मासे थोडेथोडे सोडावेत. दिल्लीच्या अनेक भागांतील भूजल कठीण व क्षारयुक्त आहे. पाणी जितके अल्कधर्मी, तितका अमोनिया अधिक घातक. त्यामुळे येथे घाई महाग पडते. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील ऑक्सिजन घटतो. अशा वेळी वीज गेली, तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप उपयोगी पडतो. थंडीत उष्ण प्रदेशातील माशांसाठी हीटर लागतो.

हेच तत्त्व मोठ्या तळ्यालाही लागू पडते. दक्षिण दिल्लीत वसंतकुंजजवळ नीला हौज हे जुने तळे आहे. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी तेथे पूल बांधताना राडारोडा तळ्यात पडला. सांडपाणी येत राहिले आणि पृष्ठभाग जलपर्णीने झाकला गेला. पुढे दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे पुनरुज्जीवन केले. जलपर्णी व गाळ काढला. येणारे सांडपाणी दगडांच्या बांधांमधून आणि पाणकणसासारख्या वनस्पतींमधून वाहत जाईल, अशी पाणथळ जागा तयार केली. दगडांवरील सूक्ष्मजीव आणि वनस्पतींची मुळे तेथे गाळणीचेच काम करतात.

ज्या जलपर्णीने हे तळे झाकले, ती मूळची दक्षिण अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेची वनस्पती म्हणून भारतात आली आणि पुढे देशभरातील तळी व नद्या तिने व्यापल्या. यास्तव टाकीतून काढलेली रोपे, गोगलगायी वा नकोसे मासे यमुनेत अथवा जवळच्या तळ्यात सोडू नयेत. रोपे उन्हात पूर्ण वाळवून खतात घालावीत आणि मासे विक्रेत्याकडे वा दुसऱ्या हौशी व्यक्तीकडे सोपवावेत. घरातील तळे सांभाळताना बाहेरचे तळे बिघडू न देणे, हाही त्या छंदाचाच भाग होय.

शब्दार्थ

उत्सर्ग – शरीराने बाहेर टाकलेले पदार्थ
अल्कधर्मी – आम्लाच्या उलट गुणधर्माचे
राडारोडा – बांधकामातील विटा, माती, दगडांचा कचरा
पुनरुज्जीवन – पुन्हा जिवंत करणे

स्वाध्याय

१. वॉरिंग्टन यांच्या पात्रातील पाणी गढूळ का झाले? ते पुन्हा कसे निवळले?
२. गाळणीचा स्पंज नळाखाली का धुऊ नये?
३. ‘प्रत्येक स्वच्छ पाणी निरोगी असतेच असे नाही.’ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या तळ्याची वा विहिरीची आजची स्थिती आठ-दहा वाक्यांत लिहा.