घरची भाषा, सरकारी शाळा : आदिलाबादचा धडा

घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, असं ज्या मुलाचं होतं त्याच्या घरच्या भाषेला अभ्यासक 'वारसाभाषा' म्हणतात. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात हे चित्र घरोघरी दिसतं. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे महाराष्ट्र; मराठी मात्र दोन्ही काठांवर.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली. किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबादमधून निघून मराठी मुलखात गेले; उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. त्याच दिवशी राज्यघटनेतलं कलम ३५०-अ लागू झालं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, याची सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. त्याआधी १९४९ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने हिशेबही ठरवला होता : वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असली, की त्या भाषेचा शिक्षक द्यायचा.

अडतं कुठे? पालक म्हणतात, शिक्षक नाही तर मूल कशाला पाठवू? कचेरी म्हणते, मुलं नाहीत तर शिक्षक कशाला देऊ? या दोन वाक्यांच्या मध्ये शाळा बंद पडते.

याचं उत्तर या मुलखात पूर्वी मिळालेलं आहे. १९४० च्या दशकात मारलवाई (आता आसिफाबाद जिल्हा) इथे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने निजाम सरकारने गोंड मुलांच्या शिक्षणाची योजना सुरू केली. गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार केलं. गोंडी वाचनपुस्तकं काढली, तीही देवनागरीत. पट भरण्याची वाट पाहत बसले नाहीत. आधी शिक्षक उभा केला.

२०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू सक्तीची झाली. त्यावर रुसायचं कारण नाही. इथे राहायचं तर तेलुगू यायलाच हवी. प्रश्न एवढाच, की मुलाची पहिली अक्षरं त्याला कळणाऱ्या भाषेत असावीत का? मराठीसाठी 'हो' म्हणायचं, तर गोंडी आणि कोलामी मुलांसाठीही म्हणावं लागेल.

स्वाध्याय : तुमच्या गावच्या सरकारी शाळेत पहिलीतली किती मुलं घरी मराठी, गोंडी, कोलामी बोलतात ते मोजा. एखाद्या भाषेचा आकडा १० झाला, तर मुख्याध्यापकांना जाऊन भेटा.