आखाती देशांची सुरक्षा आणि आपला व्यापार

आखाती देशांवर संकट आले की आपल्याकडे तेलाच्या भावाची चर्चा होते. पण रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांची चूल तिकडच्या कमाईवर पेटते आणि आपला कांदा, मसाला, फळे तिकडच्या बाजारात विकली जातात. म्हणून हे संकट कोणत्या वाटेने येते, ते आपण समजून घेतले पाहिजे.

पूर्वी ते सीमा ओलांडून येत असे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. अमीर सौदी अरबच्या आश्रयाला गेले. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणावे लागले. बहुतेक जण अम्मानमार्गे विमानाने मुंबईस उतरले. या धड्यानंतर आखाती राज्यांनी अमेरिकेशी संरक्षण करार केले, महागडी लढाऊ विमाने घेतली. हा बंदोबस्त मुख्यतः चालून येणाऱ्या फौजेविरुद्ध होता.

पुढे हत्यारे बदलली. २०१२ मध्ये सौदी अरामकोचे सुमारे ३० हजार संगणक व्हायरसने निकामी केले. १४ सप्टेंबर २०१९ रोजी अबकैक व खुरैस येथील तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे पडली. रोजचे ५७ लाख पिंप, म्हणजे सौदीचे निम्मे उत्पादन, काही काळ थांबले. जानेवारी २०२२ मध्ये अबुधाबीवरील हौथी हल्ल्यात तीन कामगार मेले. त्यांतील दोघे भारतीय होते. अमेरिकेचा मोठा तळ असूनही ९ सप्टेंबर २०२५ रोजी इस्राएलने कतारच्या राजधानीवर हल्ला केला. बाहेरच्या रक्षकाचा भरवसा किती, हा प्रश्न तेव्हा उघडपणे पुढे आला.

समुद्रही सुरक्षित राहिला नाही. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हौथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले. अनेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली. भाडे वाढले, दिवस वाढले.

यातून आपण काय शिकावे?

१) सर्वसाधारण सागरी विम्यात युद्धाचा धोका धरलेला नसतो. त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो, आणि तो विमाही मुख्यतः माल जहाजावर असेपर्यंतच लागू असतो. तिकडच्या गोदामातील मालाला तो लागू नाही. पॉलिसी सही करण्यापूर्वी वाचावी.

२) वाढीव भाडे व विलंबाचा खर्च कोणी सोसायचा, हे सौद्यातच लिहून घ्यावे.

३) युद्धामुळे ग्राहकाकडील रक्कम अडकली तर ई.सी.जी.सी.चे संरक्षण उपयोगी पडते. त्याची चौकशी करावी.

४) तिकडे काम करणाऱ्या कारागिरांनी करारपत्र व पगाराच्या पावत्यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. कुवेतहून परतलेल्यांना पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगाकडून भरपाई मिळाली, पण त्यासाठी रीतसर दावा दाखल करावा लागला.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी कुरआनची स्पष्ट शिकवण आहे. तवक्कुल अल्लाहवर असावा, पण उंट आधी बांधलेला असावा.