कोरड्या, कुरळ्या केसांसाठी जवसाच्या गराचे कंडिशनर

शेतात काम करताना ऊन, वारा आणि धूळ यांमुळे केस राठ होतात. केस मुळातच कुरळे असतील तर गुंता होऊन ते तुटतातही. अशा केसांसाठी विकतचे कंडिशनर आणलेच पाहिजे असे नाही. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक घरांत चटणीसाठी जवस असतो. त्यापासून थोड्या खर्चात चांगले कंडिशनर घरी तयार करता येते.

केस कोरडे का होतात?

डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे तेल सरळ केसांवरून टोकापर्यंत सहज पोहोचते. कुरळ्या केसांच्या वळणांमुळे ते तसे पोहोचत नाही, म्हणून टोके कोरडी राहतात. त्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर अंगाचा साबण केसांना लावल्यावर फेस कमी होतो आणि चिकट साका केसांवर बसतो. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही ते पाणी जड समजावे. अशा वेळी साबणाऐवजी शिकेकाई किंवा सौम्य शाम्पू वापरावा.

जवसाच्या बियांच्या सालीत बुळबुळीत द्रव्य असते. ते गरम पाण्यात उतरते. केसांवर त्याचा पातळ थर बसून ओलावा टिकतो व गुंता सहज सुटतो.

साहित्य

निवडलेला जवस ४० ग्रॅम (सुमारे ४ मोठे चमचे), पाणी अर्धा लिटर, खोबरेल तेल १ लहान चमचा.

कृती

१. जवस धुऊन पाण्यासह पातेल्यात घ्यावा व मध्यम आचेवर ठेवावा. तळाला लागू नये म्हणून सतत ढवळावे.
२. उकळी आल्यावर ७ ते १० मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दिसू लागते. चमच्यावरून तार सुटू लागताच पातेले उतरवावे.
३. गर गरम असतानाच चाळणीतून किंवा पातळ सुती कापडातून गाळावा. थंड झाल्यावर तो घट्ट होतो व गाळता येत नाही. हात भाजणार नाही याची काळजी घ्यावी.
४. कोमट झाल्यावर खोबरेल तेल घालून घोटावे. चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा.

वापरण्याची पद्धत

केस धुऊन ओले असतानाच अर्धी ते पाऊण वाटी गर मधल्या भागापासून टोकापर्यंत लावावा. रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता सोडवावा व मग वर यावे. २० मिनिटांनी साध्या पाण्याने केस धुवावेत. खरखरीत पंचाने न चोळता जुन्या सुती साडीच्या मऊ कपड्याने टिपावेत. आठवड्यातून एकदा हा उपाय पुरेसा होतो.

हे अवश्य लक्षात ठेवा

• पेरणीसाठी आणलेले, बुरशीनाशक लावलेले बियाणे कधीही वापरू नये. धुतले तरी ते सुरक्षित होत नाही. खाण्याचा जवसच घ्यावा.
• रंगकामासाठी मिळणारे जवसाचे उकळलेले तेल (बेलतेल) केसांना लावू नये.
• प्रथम थोडा गर कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावे. खाज किंवा पुरळ आल्यास वापरू नये.
• या गरात टिकाऊपणासाठी काहीही घातलेले नसते. बाहेर ठेवल्यास त्याच दिवशी संपवावा. फ्रिजमध्ये ४ ते ५ दिवस टिकतो. आंबट वास आल्यास फेकून द्यावा.
• डोक्यात जखमा असतील, चाई पडली असेल किंवा केस एकाएकी गळत असतील तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

भगिनींनो, पहिल्या वेळी निम्म्या प्रमाणातच गर करून पाहा. आपल्या केसांना किती लागतो याचा अंदाज आला म्हणजे तेवढाच ताजा करणे सोयीचे होते.