शांत दिसणारं पाणी

सबमिशनचं शेवटचं जर्नल चेक झालं की आपल्या होस्टेलवर एकच विषय निघतो, कोकण! मुरुड, दिवेआगर की हरिहरेश्वर, यावर रात्री दोनपर्यंत चर्चा होते. समुद्राबद्दल मात्र कोणी बोलत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले बारापेक्षा जास्त विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. ते दिवस पावसाळ्याचे नव्हते.

आपण म्हणतो, 'लाटेनं ओढून नेलं'. पण खोल समुद्रात लाट पाणी वाहून नेतच नाही. देहूरोड स्टेशनात उभ्या मालगाडीला इंजिन लागतं तेव्हा बघा. धक्का खडखडत शेवटच्या डब्यापर्यंत जातो, डबे मात्र जवळपास जागेवरच राहतात. लाटेचंही तसंच. वारा पाण्याला ऊर्जा देतो आणि ती ऊर्जा पुढे पळते. पाण्याचा कण जागच्या जागी गोल फिरतो. दोन शिखरांमधलं अंतर १० सेकंदांचं असेल, तर अशी लाट खोल पाण्यात ताशी सुमारे ५६ कि.मी. वेगानं धावते. (आपल्या बाईक जुन्या हायवेवर यापेक्षा फार वेगात जात नाहीत, ट्रॅफिकची कृपा!)

किनाऱ्याजवळ तळ वर येतो आणि लाटेचा पाय अडखळतो. वेग कमी होतो, उंची वाढते आणि खोली उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे एक मीटरची लाट सव्वा मीटर पाण्यात फुटणार. आपण फोटोसाठी उभे राहतो ती छातीभर पाण्याची जागा नेमकी हीच.

फुटलेल्या लाटेचं पाणी मात्र खरोखरच पुढे येतं. लाटेमागून लाट येते, पाणी किनाऱ्याशी साचतं आणि त्याला परत जायचं असतं. पुष्कळ ठिकाणी समोर वाळूचा दांडा आडवा असतो. दांड्यात जिथे खाच सापडेल तिथून सगळं पाणी एकदम बाहेर पडतं. सेकंड इयरचं फ्लुइड मेकॅनिक्स आठवा, एरिया कमी तर व्हेलॉसिटी जास्त. हाच रिप करंट. जोरात असला तर त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. शंभर मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रमवीर साधारण त्याच वेगानं पोहतो, तेव्हा आपलं काय!

आता यातली खरी गोम. खाचेत पाणी खोल असतं, म्हणून तिथे लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत पट्टा. पोहता न येणारा मित्र घाबरून त्या 'शांत' पट्ट्याकडेच सरकतो.

करंट माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. लाटा फुटतात त्या पट्ट्यापलीकडे त्याचा जोर ओसरतो. माणूस बुडतो तो सरळ किनाऱ्याकडे पोहण्याच्या हट्टानं दमून. म्हणून पाठीवर तरंगायचं, हात वर करून हाक मारायची आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकत पट्ट्याबाहेर यायचं. मित्र अडकला तर उडी मारू नका, एकाच्या मागे दुसरा जातो तो इथेच. दोर, ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि आरडाओरडा करून स्थानिक लोकांना बोलवा.

भरती-ओहोटीचं गणितही सोबत हवं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. ओहोटीत पाणी बाहेर निघालेलं असतं आणि दांडाही उघडा पडत येतो, त्यामुळे रिप करंटला जोर चढतो. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण. मिनिटांवर भरवसा ठेवू नका, पण अंदाजाला पक्का.

नुसती थिअरी नको असेल तर खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ सालचं. बंदरांच्या छोट्या प्रतिकृतींवर तिथे लाटा सोडून अभ्यास होतो. सिव्हिलवाल्यांनी व्हिजिटसाठी सरांच्या मागे लागावं.

आमची गाडी निघतेय त्या दिवशी दशमी आहे. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला भरती आणि दीड-पावणेदोनपर्यंत पाणी बाहेर जाणार. आम्ही पोचणार दहाला. तेव्हा आधी जंजिरा, मग जेवण, आणि दोननंतर किनाऱ्यावरच्या माणसांना विचारून गुडघाभर पाणी, असं ठरलंय.

— होस्टेलमधला एक, टी.ई. मेकॅनिकल